गारगोटी, अत्तर आणि नऊ मिनिटं

गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस हसतो, याची आम्हा गारगोटीकरांना सवय आहे. "गारगोटी? म्हणजे दगडच की!" शाळेत गणित चुकलं की आमचे मास्तर म्हणायचे, "गावाचं नाव गारगोटी आणि डोक्यातही गारगोट्याच." लहानपणी आम्ही वेदगंगेच्या काठावरून पांढऱ्या गारगोट्या गोळा करायचो आणि रात्री लाईट गेली की दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आत पडणारा उजेड बघायचो. नंतर हाताला जळकट वास येत राहायचा. अम्मी हात धुवायला लावायची.

पुढे वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करायला कोल्हापूरला गेलो. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात मॅडमनी एक स्टीलची नळी हातात दिली. २५ सेंटीमीटर लांब, आतून जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद. "हा कॉलम. पडू देऊ नकोस. तुझ्या वर्षभराच्या फेलोशिपमधून कापून घ्यावा लागेल." मी विचारलं, "आत काय असतं?" त्या म्हणाल्या, "सिलिका. ५ मायक्रॉनचे मणी."

सिलिका म्हणजे गारगोटी. कॉलममधली कारखान्यात बनवलेली असते, नदीवरची दळून भरलेली नसते, पण पदार्थ तोच. मी म्हटलं, "मॅडम, म्हणजे माझं गावच भरलंय की यात!" त्या दिवसापासून प्रयोगशाळेत तो कॉलम 'भाईचं गाव' म्हणून ओळखला जाऊ लागला.

या नळीचं काम सोपं करून सांगतो. आपल्या आठवडी बाजारात एका टोकाला दहा माणसं एकाच वेळी सोडली असं समजा. ज्याची कुणाशी ओळख नाही तो सरळ चालत एसटी स्टँडवर पोचेल. ज्याची प्रत्येक दुकानदाराशी ओळख आहे तो थांबत, बोलत, चहा पीत सगळ्यात शेवटी येईल. स्टँडवर घड्याळ घेऊन बसलं तर कोण किती वाजता आला यावरून तो कोण हे ओळखता येतं. क्रोमॅटोग्राफी म्हणजे एवढंच. आमच्या कॉलममधल्या सिलिकेवर १८ कार्बनच्या तेलकट साखळ्या चिकटवलेल्या असतात. पाण्याकडे ओढा असलेले रेणू पटकन बाहेर पडतात, तेलकट स्वभावाचे रेंगाळतात. बाहेर डिटेक्टर बसलेला असतो, तो येणाऱ्याची वेळ आणि प्रमाण टिपतो.

ही युक्ती मूळची एका वनस्पतिशास्त्रज्ञाची, याचा मला अजून अभिमान वाटतो. मिखाईल त्स्वेत या रशियन माणसाने पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून सोडला, तेव्हा हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. १९०६ साली त्याने या पद्धतीला नाव दिलं. त्याचा अर्थ 'रंगलेखन', आणि गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत म्हणजेच रंग. त्याच १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं. माझे आजोबा त्या बोर्डिंगात राहून शिकले. आजोबा शिकले म्हणून अब्बा मॅट्रिकपर्यंत गेले, आणि टेलरिंगच्या दुकानात बसूनही मला शिकवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे माझ्या हातात ती नळी आली त्याला १९०६ सालातल्या या दोन्ही गोष्टी कारण आहेत, असं मी मानतो.

आता माझं काम काय होतं ते. आपल्या पश्चिमेच्या जंगलात नरक्या नावाचं एक झाड आहे. फुलांना घाण वास येतो म्हणून नरक्या. काही लोक त्यालाच अमृता म्हणतात, आणि दोन्ही नावं खरी आहेत, कारण या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. ते कर्करोगाच्या दोन औषधांचं मूळ आहे. हे द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडातून वेगळं केलं १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉल हे दुसरं मोठं औषधद्रव्यही याच जोडीने जगापुढे ठेवलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यातही आहे हे दाखवलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. लाकडाच्या चिपा करून पोती भरून माल जायचा. जंगलाकाठच्या माणसाला किलोमागे किरकोळ पैसे मिळायचे.

झाड न तोडता ते द्रव्य मिळवायचं तर एक वाट अशी की झाडाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या. पानाचा तुकडा निर्जंतुक करून खतपाण्याच्या घट्ट जेलीवर ठेवला की काही आठवड्यांत त्यावर भुसभुशीत, उपम्यासारखा गोळा येतो. तो द्रवात टाकून शेकरवर हलवत ठेवायचा. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम साखर, थोडी खनिजं आणि चिमूटभर टू-फोर-डी. शेतकरी हे नाव ऐकून दचकतो, कारण तो ते तणावर मारतो. पण अगदी कमी मात्रेत तेच रसायन पेशींना वाढायला सांगतं. मात्रेवर सगळं आहे.

अडचण अशी की बाटलीतल्या पेशी सुखवस्तू असतात. साखर मिळते, ऊन नाही, कीड नाही. मग औषध कशाला बनवतील? झाडाच्या मानाने त्या फारच कमी द्रव्य बनवतात. झाड असली द्रव्यं बनवतं ते स्वतःच्या बचावासाठी. म्हणून पेशींना खोटं सांगावं लागतं की बुरशीचा हल्ला झालाय. आम्ही त्यासाठी यीस्टचा अर्क घालायचो. १९९२ मध्ये जर्मनीतल्या झेंक यांच्या गटाने दाखवलं होतं की सर्पगंधेच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या पेशींना यीस्टचा अर्क दिला की त्यांच्यात जास्मोनिक आम्ल झपाट्याने वाढतं. हे आम्ल म्हणजे निरोप्या. "हल्ला झालाय, तयारीला लागा" हा निरोप ते पोचवतं, आणि मग बचावाची द्रव्यं बनू लागतात. दुसरा निरोप्या सॅलिसिलिक आम्ल, आपल्या ॲस्पिरिनचा भाऊ. तो सावकाश येतो, काही तासांनी. माझं काम एवढंच होतं की नरक्याच्या पेशींना चिथावल्यावर हे दोन निरोपे कधी आणि किती येतात ते मोजायचं.

जास्मोनिक हे नाव जस्मिनवरून, म्हणजे आपल्या यास्मिनवरून. फारसी शब्द. १९६२ मध्ये चमेलीच्या सुगंधी तेलातून मिथाइल जास्मोनेट वेगळं काढलं गेलं, म्हणून या घराण्याला ते नाव मिळालं. प्रयोगशाळेत त्याची छोटी बाटली मी पहिल्यांदा उघडली तेव्हा दोन मिनिटं गप्प बसलो. तो शुक्रवारचा वास होता. अब्बा जुम्म्याच्या नमाजला निघताना चमेलीच्या अत्तराचा फाया कानात ठेवायचे, आणि मग तेच बोट माझ्या मनगटाला पुसायचे. त्या बोटाच्या वासात पानांचा एकमेकांना जाणारा इशारा मिसळलेला आहे, हे अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपण झाडांची बोंब अंगाला लावतो?" मी म्हटलं, "थोडीशी." तरी त्यांनी फाया सोडला नाही.

सहा महिने काम केलं आणि पहिली साठ सॅम्पल तयार झाली. सॅलिसिलिक आम्ल अंधारातही स्वतःच्या प्रकाशाने ओळखता येतं. त्यावर एक ठरावीक अदृश्य किरण सोडला की ते निळसर चमकतं, त्यामुळे ते आमच्या यंत्रावर मोजता यायचं. जास्मोनिक आम्ल मात्र आमच्या डिटेक्टरला जवळजवळ दिसतच नाही. पेशींत ते असतं ग्रॅममागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तो रेणूचं वजन करून ओळखतो. ती सॅम्पल कोरड्या बर्फात, थर्माकोलच्या खोक्यात घालून पुण्याला पाठवली.

निकाल आला आणि माझं तोंड उतरलं. यीस्टचा अर्क दिलेल्या पेशींत जास्मोनिक भरपूर. पण काहीच न दिलेल्या पेशींतही जवळजवळ तेवढंच. ज्यांना कुणी हात लावला नाही, त्यासुद्धा ओरडत होत्या. साठ सॅम्पल वाया.

प्रयोगशाळेत चर्चा झाली. एक मित्र सहज म्हणाला, "भाई, शुक्रवारी तू अत्तर लावून येतोस न्हवं? त्याचाच परिणाम आसंल." सगळे हसले. मीही हसलो. पण शास्त्राच्या दृष्टीने ते अगदीच वेडगळ नव्हतं. मिथाइल जास्मोनेट हवेतून पसरतं. १९९० मध्ये अमेरिकेत फार्मर आणि रायन यांनी एका रानटी झुडपाची फांदी आणि टोमॅटोचं रोप बंद भांड्यात शेजारी ठेवलं, तर स्पर्श न होताही टोमॅटोने बचावाची प्रथिनं बनवली. मग अत्तराने का नाही?

तरीही ते वाक्य मला लागलं. मित्र वाईट नव्हता, आजही नाही. पण काही बिघडलं की पहिलं बोट माझ्यातल्या त्या एका गोष्टीकडे गेलं, जी इतरांत नव्हती. त्याहून वाईट म्हणजे मीही ते मान्य केलं. दोन महिने अत्तर लावलं नाही. अम्मीने विचारलं, "बाटली संपली का?" मी हो म्हणालो.

मग एका रात्री वही काढून बसलो. कुठल्या तारखेला कुठला फ्लास्क उघडला हे सगळं लिहिलेलं होतं. शुक्रवारची सॅम्पल वेगळी काढली. सोमवारच्या, बुधवारच्या सॅम्पलमध्येही जास्मोनिक तेवढंच होतं. अत्तर सोडल्यानंतरच्या नव्या खेपेतही तेवढंच. वही घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं, "सॅलिसिलिक?" ते शांत होतं, जसं असायला हवं तसं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दुखणं जुनं नाही. आत्ताचं आहे. अत्तराच्या वासात पेशी दिवसभर राहिल्या असत्या तर बाकीच्या गोष्टीही बदलल्या असत्या. फ्लास्क उचलल्यापासून फ्रीजरमध्ये जाईपर्यंत तुला किती वेळ लागतो रे?"

मी घड्याळ लावून बघितलं. फ्लास्क शेकरवरून काढायचा, खाली आणायचा, गाळणीवर ओतायचा, व्हॅक्यूम लावायचा, कागदावरून पेशी खरवडायच्या, वजन करायचं, नळीवर नाव लिहायचं, मग फ्रीजर. नऊ मिनिटं. शिवाय फ्रीजरमध्येही पेशी एकदम गोठत नाहीत.

झाडाला जखम झाली की जास्मोनिक काही मिनिटांत वाढतं. मी त्या पेशींना नऊ मिनिटं ओढत, पिळत, खरवडत होतो आणि मग "तुम्ही घाबरलेल्या आहात का" असं मोजत होतो. यंत्र खरं बोलत होतं. कॉलम खरा होता. आकडेही खरे होते. फक्त तो आकडा माझ्या हाताचा होता.

खात्री करायला एकच फ्लास्क चार भागांत वाटला. एक भाग वीस सेकंदांत गाळून सरळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवला, जिथे तापमान उणे १९६ अंश असतं आणि पेशीतला सगळा व्यवहार आहे तिथे थांबतो. बाकीचे भाग दोन, पाच आणि दहा मिनिटांनी. आकडे पायऱ्यांसारखे चढत गेले. पहिला भाग जवळजवळ गप्प होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नरक्याच्या पेशी शांत असताना कशा असतात.

आणखी एक गोष्ट शिकलो ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेशी वाटताना, अर्क गाळताना, सुकवताना थोडं जास्मोनिक वाया जातंच. गिरणीत दळण दिलं की थोडं पीठ जात्यात राहतं तसं. म्हणून पेशी वाटण्याआधीच त्यात आपल्याकडचं, ओळखता येईल असं थोडं जड जास्मोनिक मोजून घालतात. त्यातल्या काही हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजन असतो, त्यामुळे वजनावरून ते वेगळं कळतं. शेवटी आपलं घातलेलं १०० पैकी ६० परत आलं तर पेशींचंही तेवढ्याच प्रमाणात हरवलं हे समजतं. म्हणजे दुसऱ्याचं मोजताना आपलंही काही आधीच त्यात टाकायचं, आणि आपल्या हातून किती सांडतं ते कबूल करायचं. त्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

नव्या पद्धतीने काम सुरू केलं आणि तेवढ्यात जून २०२३ उजाडला. ७ तारखेला कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद पडलं. कारण मोबाईलवरचे काही स्टेटस. मी खोलीत बसून होतो. अब्बांचा एकच फोन, "बाहेर पडू नको." काही दिवसांनी प्रयोगशाळेत गेलो. कँटीनमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, भेटेल तो विचारायचा, "काय रे, तुमच्यात काय म्हणतात?" "तुला काय वाटतं?" बहुतेकांनी आपुलकीने विचारलं, हे मी आजही सांगेन. पण मी जे उत्तर द्यायचो ते माझं मत नसायचं. कधी चढ्या आवाजात यायचं, कधी गरजेपेक्षा जास्त गोड यायचं. विचारणारा ते घेऊन जायचा आणि पुढे सांगायचा, "तो असं म्हणाला." मला नऊ मिनिटं आठवायची.

मॅडमनी काही विचारलं नाही. चहा पुढे केला आणि म्हणाल्या, "नायट्रोजन आलाय. आज सॅम्पल घ्यायची का उद्या?" आम्ही त्या दिवशी सॅम्पल घेतली. पंधरा दिवसांनी, कॉलम धुताना, त्यांनी विचारलं, "घरी आई-वडील कसे आहेत?" मग मी बोललो. बरंच बोललो. त्यात राग होता, भीतीही होती, आणि दोन्ही माझ्या खऱ्या मापाची होती.

हे लिहून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. माझी धाकटी बहीण तलाक होऊन घरी आली, त्या पहिल्याच संध्याकाळी तिच्याभोवती खाला, मामू, शेजारी सगळे जमले होते. "नेमकं काय झालं ते सांग," असं विचारणाऱ्यांत मीही होतो, मोठा भाऊ म्हणून पुढे बसलेला. ती जे बोलली ते आम्ही तिचं म्हणणं समजून वर्षभर वागवलं. समेटाच्या बैठकीत तेच मांडलं. पुढे एकदा तिने मला सांगितलं की त्यातलं निम्मं तिने आमच्या तोंडांकडे बघून म्हटलं होतं. तिला कुणी तरी आधी जेवायला वाढायला हवं होतं.

विचारूच नये असं माझं म्हणणं नाही. न विचारणारे लोकही मी पाहिलेत, आणि त्यांचं गप्प राहणं सोयीचं असतं. मोजायला हवंच. मोजलं नाही तर कुणाला किती लागलं ते कळणार कसं? फक्त मोजणाऱ्याचा हात निकालात उतरतो, हे त्याने विसरू नये. आणि काही बिघडलं की अत्तराकडे बोट दाखवण्याआधी घड्याळ बघावं.

पीएच.डी. संपली. आता मी परत गावी आहे, मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवतो. इथे महागडा कॉलम नाही. त्स्वेतप्रमाणेच खडू वापरतो. पालकाची पानं वाटून, ॲसिटोनमध्ये रस काढून, त्यात खडू उभा करतो. रंगाचे पट्टे खडूवर वर चढतात, हिरवा खाली आणि पिवळा त्याच्या वर, आणि मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे येतात. मग मी वेदगंगेवरची एक गारगोटी टेबलावर ठेवतो आणि मोठ्या यंत्रांत हीच वस्तू असते असं सांगतो. दरवर्षी कुणी तरी म्हणतंच, "सर, म्हणजे आपलं गावच."

बहीण यंदा बी.एड.ला आहे. शुक्रवारी अत्तर पुन्हा लावतो, अब्बांच्याच बाटलीतलं. प्रयोग असेल त्या दिवशी ते घरी ठेवतो, पण आता ते मी ठरवतो. मुलांनी पहिल्यांदा सॅम्पल हातात घेतलं की एवढंच सांगतो, "आधी घड्याळ लावा. किती वेळ हातात धरलं होतं, ते वहीत लिहा."